कानापुढचा सांधा

१२ जानेवारी १९७४, शनिवार

— मान मागे गेली, पुढे आली, पुन्हा मागे गेली. मग पुस्तकांचा एक गठ्ठा घरंगळत खांद्यावर आला. मग शांत. इंजिन बंद पडलेलं. समोर मेंढरं रस्ता ओलांडतच होती. एकही बिथरलं नव्हतं.

ड्रायव्हर जोतीराम उतरून मागे गेला. उसाचा ट्रॅक्टर जीपच्या मागच्या फळीत घुसला होता. ट्रॅक्टरवाला वरूनच ओरडत होता — "असा मधीच थांबतोस व्हय रं?"

"मग मेंढरांवर घालू?"

"हारन तरी वाजवायचा."

"मागच्यासाठी कुनी हारन वाजवतं का गड्या? डोळं उघडं ठेव की."

मेंढरांचा धनी माण तालुक्याकडचा असावा. काठीवर हनुवटी टेकून दोघांचं ऐकत होता. म्हणाला, "जीप हुबी व्हती. मग ह्यो आला." एवढं बोलून कळपामागे गेला. त्याचं नाव विचारायला हवं होतं. कोणालाच सुचलं नाही.

जोतीरामने माझ्या बाजूचं दार उघडलं. "बाई, कुठं लागलं का?" नाही, म्हटलं. ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, त्यालाही नाही म्हटलं. पेठ नाक्यावर चहा घेतला. तिथल्या हॉटेलवाल्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. त्यालाही नाही. रक्त नव्हतं, खरचटलंसुद्धा नव्हतं. जोतीरामने नाक्यावर नारळ फोडला आणि खोबरं आधी मला दिलं.

सांगलीच्या वक्तृत्व स्पर्धेचं परीक्षण झालं. कॉलेजच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं आणली. संस्थेची जीप मागून वाकडी झाली. पुस्तकं शाबूत.

१३ जानेवारी

मान आखडली आहे. उशी काढून झोपले.

घरमालकीण बनुबाई सकाळी म्हणाल्या, "बाई, हाक मारली तर आख्ख्या वळताय. साहेबावानी."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळाची वडी चावताना डाव्या कानापुढे कट् असा आवाज झाला. मला एकटीलाच ऐकू आला. चावणं थांबवलं, उरलेली वडी तोंडातच विरघळू दिली. दुसरी घेतली नाही. बनुबाईंना वाटलं, पाक बिघडला.

२० जानेवारी

जांभई अर्ध्यावर थांबते. पुढे जातच नाही.

२४ जानेवारी

कानापुढचा खळगा, गाल, डाव्या बाजूच्या दाढा, कानशील. दुखणं या वाटेने वर जातं आणि याच वाटेने खाली येतं. सकाळी कमी. तास घेऊन आल्यावर जास्त.

याला उपमा द्यायची नाही असं ठरवलं आहे. सुया, निखारे, सुरी — एम.ए.ला असताना अशा उपमा वह्या भरून उतरवून घेतल्या. त्यांतली एकही इथे लागत नाही. कुठे दुखतं ते लिहायचं. केव्हा दुखतं ते लिहायचं. बाकी काही नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन. राष्ट्रगीत ओठ न उघडता म्हटलं. शेजारच्या प्राध्यापकांनी एकदा वळून पाहिलं.

२ फेब्रुवारी, शनिवार

साताऱ्यातल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दाढांवर एका सळईने ठोकून पाहिलं. मागच्या दाढेवर ठोकल्यावर मी दचकले. "ही," ते म्हणाले. मी सांगितलं, तीन आठवड्यांपूर्वी जीपला मागून धडक बसली, तेव्हापासून मान आखडली आहे. ते म्हणाले, "मानेचं मानेपाशी. दाढ आधी बघू." तोंड पुरेसं उघडत नव्हतं, म्हणून त्यांनी अंगठ्याने उघडलं. डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांना दाढेचं वाटलं.

दाढ काढली. काढलेली दाढ कापसावर ठेवून दाखवली. पांढरी होती. कीड दिसली नाही.

मी विचारलं, "कीड कुठे आहे?"

"आत असेल," ते म्हणाले.

९ फेब्रुवारी

दाढेची जागा भरत आली. दुखणं होतं तिथेच आहे.

१० फेब्रुवारी

भाकरी बंद केली. बनुबाई स्वतः बिनदाताच्या. रोज ताटात दूध घालून भाकरी कुस्करतात. आज माझ्यासमोर तेच ताट ठेवलं.

"खावा. लाजू नका. ह्या घरात दोघींत मिळून सहा दात न्हाईत म्हनायचं."

मी हसले. हसण्यानेही कट् झालं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आवं, हे दाताचं न्हवं. दाताचं दुखनं मानूस गालाला हात लावून बसतं. तुमी कानाला लावताय."

१२ फेब्रुवारी

स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "मान गेली असती तर मॅडम उभ्या राहिल्या असत्या का?" दुसरा म्हणाला, "निदान पट्टा तरी बांधायचा गळ्याला. दिसायला तरी." दोघेही हसले. वाईट हेतूने नव्हे.

त्यांचंही बरोबर आहे. बाहेरून काही दिसत नाही. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. कानापुढचा सांधा कोणाला दाखवणार? बोट लावा म्हणावं तर एक बाई पुरुषांना तसं म्हणू शकत नाही.

माझ्या यजमानांचं, मानसिंगांचं पत्र, लेहहून. तिकडे बर्फ आहे. पलटणीतल्या एका जवानाने इकडच्या पद्धतीची कांद्याची चटणी केली, असं लिहिलं आहे. माझ्या तब्येतीची चौकशी शेवटच्या ओळीत. उत्तरात 'ठीक' लिहिलं. एवढ्या लांबून त्यांनी काय करायचं?

१६ फेब्रुवारी

आज लालासाहेब आले. आमच्या शिक्षण संस्थेचे चिटणीस. सगळे उठले, मीही उठले. त्यांनी हाताने बसा अशी खूण केली. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, मान कशी आहे?"

कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. मान, मग जबडा, मग दाढ. तोंड किती उघडतं ते दाखवलं. ते मान हलवत होते. "हे साधं नव्हे," म्हणाले. "हे अंगावर काढायचं नसतं." त्या दिवशी हसलेले दोघे खिडकीबाहेर पाहत होते.

घरी येताना जरा बरं वाटलं, हे लिहून ठेवायला हवं. दुखणं तेवढंच होतं. तरी बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

लालासाहेबांनी कार्यालयात बोलावलं. चहा मागवला. मग सांगितलं की जोतीरामची चौकशी लावायची आहे. संस्थेची जीप निष्काळजीपणाने चालवली. गाडीचं नुकसान झालं. एवढ्यावर ताकीद देऊन सोडावं लागतं. पण प्रवाशाला कायमची इजा झाली असेल, तर माणूस ठेवता येत नाही.

"तुम्ही फक्त लिहून द्यायचं. कारकून मजकूर तयार करेल. तुम्ही सही करा."

मी म्हटलं, "चूक जोतीरामची नव्हती."

"चूक कुणाची हे समिती बघेल, मॅडम. तुम्हाला त्रास होतोय की नाही?"

"होतोय."

"मग तेवढंच." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "जूनमध्ये तुमची प्रोबेशनची मुदत संपते, नाही का?"

हो, म्हटलं. चहा घेतला नाही. गरम पेला नुसता हातात धरून बसले होते.

१९ फेब्रुवारी

बनुबाईंना सगळं ठाऊक होतं. साताऱ्यातलं सगळं त्यांना ठाऊक असतं.

"लालासाहेबाच्या भाच्याचं लगीन झालं न्हवं का दिवाळीनंतर? वऱ्हाडासाठी जीप मागितली व्हती. जोतीराम म्हनला, साहेब, जीप संस्थेची हाय, वऱ्हाडाची न्हाई. लष्करातनं आल्याला मानूस. त्याला काय कळतंय बोलायचं?"

"आणि आता?"

"आता जीप दुरुस्त झाली. त्यो भाचाच चालवतोय. गुंडा नाव त्याचं. लगीनबी झालं, गाडीबी मिळाली."

चौकशी होईपर्यंत जोतीराम संस्थेच्या अंगणात झाडांना पाणी घालतो. आज जाताना पाहिला. त्याने झारी खाली ठेवून नमस्कार केला.

म्हणजे माझं दुखणं पहिल्यांदा ज्याने खरं मानलं, त्याला ते हवं होतं.

२० फेब्रुवारी

महाशिवरात्र. साबुदाण्याची खिचडी. मऊ असते. तरी अर्धी ठेवली.

२३ फेब्रुवारी, शनिवार

मिरजेला जाऊन आले. एका ओळखीच्या बाईंनी हाडांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं होतं. म्हातारे आहेत. बोलण्याआधी हात लावतात. माझ्यामागे उभे राहून मानेच्या दोन्ही बाजू दाबत आले. कानामागे दाबलं तेव्हा दुखणं दाढेत गेलं. जिथे आता दाढ नाही तिथे.

"दाढ कुणी काढली?"

सांगितलं.

"चांगली होती," ते म्हणाले.

मग माझंच बोट माझ्या कानापुढे ठेवलं आणि हळूहळू तोंड उघडायला सांगितलं. आत काहीतरी सरकलं, अडलं, पुन्हा सरकलं. "हा जबड्याचा सांधा. धडकेत मान मागे गेली, तेव्हा तोंड आपोआप उघडलं असणार. मान पुढे आली, तोंड मिटलं. सगळा हिसका इथे बसला. आता मानेचे स्नायू आखडलेत, त्यांच्याबरोबर जबड्याचेही. दाताचा संबंध नाही."

मी विचारलं, "बरं होईल?"

"होईल. वेळ लागेल. तुम्ही घाई केली तर जास्त लागेल."

शेक. मऊ जेवण. जिभेचं टोक टाळूला लावून, आरशासमोर, सरळ रेषेत तोंड उघडायचं. रोज. मध्येच जबडा अडकला तर जोर करायचा नाही. सैल सोडायचा, शेक द्यायचा, उजवीकडे हलकेच सरकवायचा आणि मग उघडायचं. त्यांनी हे माझ्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. पोरीला बाराखडी शिकवावी तसं. (उपमा. असू दे.)

"बोलणं कमी करा," ते म्हणाले.

"मी कॉलेजात शिकवते."

"मग थोडं शिकवा."

परतताना एस.टी.त खिडकीशी बसले. मागून ट्रक जवळ आला की मान आपोआप ताठ होत होती.

२६ फेब्रुवारी

आज मोठ्याने बोललेच नाही. मुलांना सांगितलं, ऐकू येत नसेल तर पुढे या. मागच्या बाकांवरची मुलं पुढे येऊन दाटीने बसली. कवितेची एकेक ओळ वाचली आणि थांबले. पूर्वी त्या थांबण्याच्या जागी मी स्पष्टीकरण भरत असे. आज ती जागा रिकामी राहिली. एका मुलीने त्यात प्रश्न विचारला. चांगला होता.

तासानंतर गाल गरम झाला होता. पण जबडा अडकला नाही.

१ मार्च

आरशात पाहिलं. तोंड उघडताना हनुवटी डावीकडे जाते. सरळ यायला हवी. रेघ म्हणून आरशावर कुंकवाने एक उभी खूण केली आहे.

३ मार्च, रविवार

दुपारी जोतीरामची बायको आली. शालूबाई. पहिल्यांदाच पाहिलं. बनुबाईंनी पाट दिला, तर तिने तो मलाच द्यायला लावला. मला बसवलं, कुंकू लावलं, तांदूळ, नारळ आणि हिरवा खण ओटीत घातला. मग समोर बसली आणि मागणं सांगितलं. मागणं आधी सांगितलं असतं, तर ओटी घेतली नसती. तिलाही ते ठाऊक असणार.

"बाई, तुमी फकस्त एवडं म्हना — मला काय लागलं न्हाई. त्या दिवशी तर तुमी म्हनलाच व्हता. समद्यांनी ऐकलंय."

"तेव्हा कळलं नव्हतं. लागलंय, शालूबाई."

"व्हय. दिसतंय की." ती माझ्या गालाकडे बघत होती. "हे म्हनत्यात, बाईंची मान माझ्या गाडीत गेली. जेवत न्हाईत धड. मी म्हनलं, तुमच्या न जेवन्यानं त्यांची मान सरळ व्हनार हाय का?"

"मग मी खोटं बोलायचं?"

"मान तुमची हाय, नोकरी आमची हाय. मी काय सांगनार?" एवढं बोलून ती उठली. दारात चपला घालताना म्हणाली, "खन शिवा बरं का. तसाच ठेवू नका. तसाच ठिवला की मनात किंतू ऱ्हातो."

बनुबाई म्हणाल्या, "बोलायला लय धारदार हाय ही."

४ मार्च

दोघंही एकच मागतात — एकच वाक्य. एकाला हवं, 'इजा झाली'. दुसरीला हवं, 'इजा झाली नाही'. दोघांनाही त्यापुढचं वाक्य नको आहे.

इजा झाली नाही म्हटलं, तर दीड महिना मी जे सोसलं ते मीच पुसून टाकलं. शिवाय ते खोटं. इजा झाली म्हणून सही केली, तर जोतीराम घरी बसेल. लष्करातून आलेला माणसाला झाडांना पाणी घालायचं कामही उरणार नाही मग.

म्हणून दोन्ही वाक्यं बोलायची: इजा झाली, आणि चूक जोतीरामची नव्हती. लिहून द्यायचं नाही. कारकुनाने तयार केलेल्या मजकुरात दुसरं वाक्य मावणार नाही. समितीतल्या तिघांसमोर बसून, तोंडाने, दोन्ही.

तोंडाने. हेच अवघड आहे.

५ मार्च

सकाळ-संध्याकाळ आरसा. मीठ तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून शेक. बनुबाई फडकं बांधून देतात आणि विचारतात, "सभेत भाशन करायचंय का?" हो, म्हटलं.

वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली. 'इजा झाली. जीप उभी होती. मग धडक बसली.' 'भ' आणि 'ध' ठीक. 'झाली' म्हणताना हनुवटी डावीकडे जाते.

८ मार्च

होळी. बाहेर पोरं बोंब मारत होती. बनुबाई म्हणाल्या, "तुमाला मारता येत न्हाई, आमीच मारतो तुमच्या वाटची." आणि खरंच मारली. शेजारी दचकले.

१० मार्च

लालासाहेबांचा निरोप. मजकूर टाइप करून ठेवला आहे. येऊन सही करावी, म्हणजे समितीसमोर यायचा त्रास पडणार नाही. मी उलट निरोप पाठवला — त्रास घेईन, समोर येईन.

११ मार्च

दिवसभर बोलले नाही. तास दुसऱ्यांनी घेतले. भात आणि दूध.

१२ मार्च, मंगळवार

समिती संस्थेच्या सभागृहात बसली होती. मधे लालासाहेब. एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला निवृत्त सुभेदार — दोघेही संस्थेचे आजीव सभासद. कोपऱ्यात कारकून. जोतीराम बाहेरच्या बाकावर, पाठ ताठ, हात मांडीवर. त्याने लष्करातला खाकी शर्ट घातला होता. मला पाहून उभा राहिला.

वकिलांनी विचारलं, "अपघातात आपल्याला इजा झाली?"

"झाली."

"पण त्या दिवशी आपण नाही म्हणालात, असं जोतीराम सांगतो."

"म्हणाले. तेव्हा समजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मान आखडली, त्यानंतर जबडा."

"म्हणजे इजा झाली, हे नक्की?"

"नक्की. पण —"

इथे जबडा अडकला. आवाजही झाला नाही. फक्त पुढे तोंड उघडलं नाही. मी जोर केला. करायचा नसतो हे माहीत असून केला. दुखणं कानशिलात गेलं आणि डोळ्यांपुढे क्षणभर काही दिसलं नाही.

लालासाहेब लगेच पुढे झुकले. आवाज मऊ. "राहू द्या, मॅडम. इजा झाली, एवढं आलं ना? पुरे." मग कारकुनाकडे वळून — "मॅडमना बोलवत नाही, हेही लिहून घ्या."

सुभेदार म्हणाले, "त्यांना पुढं काहीतरी सांगायचंय."

"तोंडच उघडेना, तिथं काय सांगणार?"

वकिलांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. लालासाहेबांनी हात पुढे केला. "लिहा. मी वाचून दाखवतो दोघांना."

कागद परत सरकवला. मी उठले नाही. हाताने थांबा म्हटलं.

ते थांबले. लालासाहेबांनी घड्याळ पाहिलं, मग छताकडे पाहिलं. शिपाई चहा घेऊन आला. माझ्यापुढे पेला ठेवला. मी तो उचलून डाव्या कानापुढे धरला. पेला भाजत होता. सुभेदारांनी भुवया वर केल्या. मी डोळे मिटले. जबडा सैल सोडला. कोणी पाहत असताना जबडा सैल सोडणं कठीण असतं. तोंड लोंबल्यासारखं दिसतं. दिसू दिलं. मग हनुवटी उजवीकडे, हलकेच. नाही. पुन्हा पेला. पुन्हा उजवीकडे. लालासाहेब म्हणाले, "मला वाटतं, आपण —" आणि तेवढ्यात सांधा सरकला.

मी म्हटलं, "जीप थांबली होती. मग धडक बसली."

तोंड फार उघडत नव्हतं. शब्द दातांमागून आले. पण आले.

"समोर मेंढरं होती. जोतीरामने जीप थांबवली. ट्रॅक्टर मागून आला. मला लागलं ते ट्रॅक्टरमुळे. जोतीरामने थांबवली नसती, तर मेंढरं गाडीखाली आली असती."

वकिलांनी विचारलं, "जीप आधी थांबली होती, हे कशावरून? सगळं एका क्षणात घडतं."

"जीप थांबल्यावर घंटा बांधलेलं एक मेंढरू समोरून गेलं. त्यामागे एक कोकरू गेलं. कोकरू लंगडत होतं, म्हणून मी बघत होते. ते पलीकडे पोचलं. मग मान मागे गेली."

वकील लिहीत होते. लालासाहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, जोतीरामच्या बायकोने तुमची ओटी भरली, हे खरं ना?"

"खरं."

"घरी येऊन?"

"हो. नारळ, तांदूळ, हिरवा खण."

"आणि आज तुम्ही त्याची बाजू सांगताय."

"ती मला म्हणाली, काही लागलं नाही म्हणा. मी इथे लागलं म्हणून सांगितलं."

सुभेदार खाकरले. "लालासाहेब, सवाष्णीनं ओटीला नाही म्हणायचं असतं व्हय? घरी जाऊन विचारा की वहिनींना." वकिलांनी चष्मा पुसला. बहुतेक हसू लपवायला.

मला जायला सांगितलं. बाहेर जोतीराम उभाच होता. माझा गाल लाल झाला होता, तिकडे त्याने पाहिलं आणि मान खाली घातली. मी बोलू शकत नव्हते. मान हलवावी म्हटलं, तर तीही हलेना. तशीच घरी आले.

बनुबाईंनी शेकाचं फडकं तयार ठेवलं होतं. "झालं भाशन?" मी हो अशी खूण केली. संध्याकाळपर्यंत पडून होते. दुखतं आहे — कान, गाल, कानशील, डोळ्यामागे. आजवर एवढं दुखलं नव्हतं. दोन्ही वाक्यं बोलून झाली.

१३ मार्च

सकाळी जीप दारात. जोतीराम चालवत होता. खाली उतरून म्हणाला, "बाई, समितीनं काल सांजच्याला ठरवलं. मला ठिवलं." मग म्हणाला, "आनि साहेब तुमच्याशीबी लय चांगलं वागलं बगा. म्हनलं, बाईंना बोलवत न्हाई, समद्यांनी डोळ्यांनी बघितलं. आजपासनं त्यांचं तास दुसऱ्याकडं. बाईंनी इसावा घ्यावा. जूनचं जूनमदी बघू, म्हनलं. मानूस मनानं चांगला हाय." त्याला खरंच आनंद झाला होता. मी जीपमध्ये बसले आणि कॉलेजात चला म्हटलं. पहिला तास माझा होता. घेतला.